विश्लेषण : कुत्र्याला घेऊन सहलीला निघालात? कुठे फिरवाल, कुठे टाळाल?

पावसाळा संपला की कोकणाकडे आणि घाटमाथ्याकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये मागच्या सीटवर बसलेला कुत्राही आता नेहमी दिसतो. घरी ठेवायला कोणी नाही, पाळणाघराचा भरवसा वाटत नाही किंवा तो कुटुंबातलाच आहे, अशा कारणांनी त्याला सोबत नेले जाते. राहण्याची सोय आता सहज होते. अडचण येते ती त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचे कुठे, याची. महाराष्ट्रातील अनेक निसर्गरम्य ठिकाणी कुत्र्याला नेण्यास मनाई आहे आणि जिथे मनाई नाही तिथेही वेळ चुकली तर प्राण्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. त्यामुळे जागा निवडण्याइतकेच वेळ निवडणेही महत्त्वाचे ठरते.

‘पेट-फ्रेंडली’ म्हणजे नेमके काय?

हॉटेल किंवा होम-स्टेच्या जाहिरातीत ‘पेट-फ्रेंडली’ असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ त्या कुंपणापुरताच असतो. खोलीत कुत्रा चालेल, आवारात फिरवता येईल, एवढेच त्यातून कळते. समोरचा किनारा, शेजारची वाडी, मागचा डोंगर किंवा जवळचा किल्ला यांचा त्या शब्दाशी संबंध नाही. पुष्कळदा आवारही सगळे मोकळे नसते. जेवणाची जागा, पोहण्याचा तलाव, मुलांची बाग येथे कुत्र्याला प्रवेश नसतो. म्हणून खोली नोंदवताना तीन प्रश्न थेट विचारावेत. कुत्र्याला मोकळे सोडता येईल असे बंदिस्त कुंपण आहे का? मालकाचा स्वतःचा कुत्रा आहे का आणि तो बांधलेला असतो का? आणि बाहेर चालायला घेऊन जायचे तर गावातले लोक साधारण कोणत्या वाटेने जातात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मिळत नाही, ते गावातला माणूसच देऊ शकतो.

कायद्याने कुठे नेता येत नाही?

पहिला अडथळा वन्यजीव क्षेत्रांचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार जाहीर झालेली राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये येथे प्रवेश वन विभागाच्या अटींवर मिळतो आणि पाळीव कुत्र्याला तिथे नेऊ दिले जात नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा ताडोबा यांच्या बाबतीत हे बहुतेकांना माहीत असते. पण नेहमीच्या सहलीच्या वाटेवरची अनेक ठिकाणे अभयारण्यात येतात, हे लक्षात येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचे कर्नाळा, रेवदंडा-मुरूड रस्त्यालगतचे फणसाड, वसईजवळचे तुंगारेश्वर, भीमाशंकर, ताम्हिणी घाटाचा काही भाग, वासोट्याकडे जाणारे कोयनेचे जंगल आणि कोल्हापूरकडचे राधानगरी-दाजीपूर ही सगळी संरक्षित क्षेत्रे आहेत. भंडारदऱ्याला गेल्यावर कळसूबाई, रतनगड किंवा हरिश्चंद्रगड करायचा बेत असेल, तर तो सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याशी जोडलेला आहे. अशा सहलीत कुत्रा न नेणेच बरे. अन्यथा एकाला गाडीत किंवा खोलीवर थांबावे लागते आणि सहलीचा विरस होतो.

दुसरा अडथळा संरक्षित स्मारकांचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांना १९५९ चे नियम लागू आहेत. स्मारकाच्या देखभालीखेरीज अन्य कारणासाठी तिथे कोणताही प्राणी आणण्यास त्या नियमांनी मनाई केली आहे. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांमध्येही ते आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला, कार्ले-भाजे लेणी, घारापुरी येथेही हीच स्थिती. पन्हाळ्यावर लोकवस्ती असल्याने गावातल्या रस्त्यांवर कुत्र्याला चालवता येते. मात्र तीन दरवाजा, अंबरखाना अशा संरक्षित वास्तूंमध्ये नाही.

समुद्रकिनारा निवडताना काय पाहावे?

कुत्र्याला सर्वांत जास्त आनंद देणारी आणि माणसालाही सोयीची जागा म्हणजे लांब, सपाट आणि ओहोटीला रुंद होणारा किनारा. रायगड जिल्ह्यात किहीम-आवासचा पट्टा, अलिबागच्या दक्षिणेला आक्षी-नागाव आणि पुढे दिवेआगर हे असे किनारे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात कर्दे-मुरूड, आंजर्ले, केळशी आणि गुहागर. सिंधुदुर्गात आचरा, तोंडवळी, भोगवे. यांतील बऱ्याच ठिकाणी वाळूच्या वरच्या बाजूला सुरूची झाडे आहेत. त्यामुळे ऊन चढले तरी परतीची वाट सावलीतून काढता येते. नागाव, काशीद, गणपतीपुळे येथे सुट्टीच्या दिवशी घोडागाड्या, उंट, वाळूत धावणाऱ्या मोटारी आणि पाण्यातले खेळ यांची गर्दी असते. आवाजाला बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी ती जागा नाही. त्याच किनाऱ्याचे दुसरे टोक, गावापासून एक-दीड किलोमीटर अंतरावरचे, बहुधा शांत असते.

किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहणे आवश्यक आहे. दिवसात दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी सात वाजता मोकळा असलेला किनारा चार-पाच दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी थेट सुरूच्या मुळांपर्यंत येते आणि चालायला जागाच उरत नाही. पाणी उतरू लागल्यानंतरची ओली, घट्ट वाळू पंजांना सर्वांत सोयीची. काशीद आणि आरे-वारे येथे पाण्याला खेच आहे. लाटांमागे धावणारा कुत्रा ओढला गेला की त्याच्यामागे माणूस उडी मारतो आणि दुर्घटना दोघांची होते. अशा ठिकाणी लांब दोरीसुद्धा हातातून सोडू नये.

वाळूवर पडलेल्या गोष्टीही धोक्याच्या असतात. जाळ्यातून काढून फेकलेला केंड मासा विषारी असतो आणि कुत्र्याने तो खाल्ला तर प्राणावर बेतू शकते. शिंगाळ्याचे काटे, तुटलेले गळ, नायलॉन जाळ्यांचे तुकडे पंजात किंवा घशात अडकतात. पावसाळ्यात निळ्या फुग्यांसारखे दिसणारे ‘ब्लूबॉटल’ जीव किनाऱ्याला लागतात; मेल्यानंतरही त्यांचा दंश होतो. तहान लागली की कुत्रा समुद्राचे पाणी पितो आणि त्यातून उलट्या-जुलाब होतात. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगे सोबत असायलाच हवे.

कासवांच्या घरट्यांचा प्रश्न काय?

कोकणाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे घरटी आणि पिल्ले यांचा हंगाम मेपर्यंत चालतो. पर्यटनाचा हंगामही नेमका हाच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवांना सर्वोच्च संरक्षण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गावकरी आणि सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उभे केलेले संवर्धनाचे काम आणि तिथला कासव महोत्सव सर्वपरिचित आहे. आंजर्ले, केळशी, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, शिरोडा, वायंगणी येथेही घरटी सापडतात. गोव्यात मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे यासाठी राखलेले आहेत.

कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात. पण प्रत्येक घरटे त्यांना सापडतेच असे नाही. वाळूखालच्या अंड्यांचा वास कुत्र्याला येतो आणि उकरणे हा त्याचा स्वभाव आहे. गावातली मोकाट कुत्री आणि कोल्हे यांच्यामुळे अशी घरटी नष्ट होतात, हे किनाऱ्यावरचे जुने दुखणे आहे. त्यात शहरातून आलेल्या पाळीव कुत्र्याची भर पडू नये. त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळात या किनाऱ्यांवर अंधारात कुत्र्याला नेऊ नये, दिवसाही दोरी सोडू नये आणि वरच्या कोरड्या वाळूऐवजी पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यातून चालावे. हॅचरीजवळ आणि पिल्ले सोडण्याच्या कार्यक्रमाला कुत्रा नेऊच नये. आक्षीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात कुरव आणि इतर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे वाळूवर विसावतात. लांबचा प्रवास करून आलेल्या या पक्ष्यांना पुन्हापुन्हा उडवणे म्हणजे त्यांची शक्ती वाया घालवणे होय.

डोंगरात कुठे फिरवता येईल?

कुत्र्यासोबत चालण्यासाठी माथेरान हे महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत सोयीचे थंड हवेचे ठिकाण. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेटने ते शोधल्याची नोंद आहे. खासगी मोटारींना इथे बंदी असल्याने दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून पुढे सुमारे अडीच-तीन किलोमीटर बाजारापर्यंत चालत जावे लागते. लाल मातीच्या, झाडीने झाकलेल्या वाटा भर दुपारीही बऱ्यापैकी थंड असतात. अलेक्झांडर पॉइंट, रामबाग, एको पॉइंट, लुईझा पॉइंट असे छोटे-मोठे टप्पे करता येतात. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, घोडे. त्यांच्यावर लहान मुले बसलेली असतात आणि भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे घोडा बुजला तर अपघात होतो. घोडा दिसला की कुत्र्याला वाटेच्या कडेला घेऊन बसवावे. दुसरी, माकडे. हातातल्या पिशवीसाठी ती जवळ येतात आणि कुत्रा मध्ये पडला की चावतात. तिसरी, शार्लोट तलाव. गावाला पिण्याचे पाणी तिथून मिळते. त्यात कुत्र्याला उतरवू नये.

पाचगणीचे टेबललँड पहाटेनंतरच्या तासाभरात सुंदर असते. पण हे जांभ्या दगडाचे उघडे पठार आहे. सावली नाही, ऊन चढले की दगड तापतो आणि बऱ्याच ठिकाणी कड्याला कठडा नाही. कोकणातल्या सड्यांचेही तसेच. रत्नागिरी-देवगडकडच्या सड्यांवर थंडीच्या सकाळी लांबवर चालता येते, समुद्रही दिसतो. परंतु तिथे दगडाखाली फुरसे असते; कपारीत नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला ते चावण्याचा संभव असतो. कातळशिल्पांच्या दगडी कडेच्या आत तर माणसांनीही पाय ठेवायचा नाही. साताऱ्याजवळचे कास पठार जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या फुलांच्या हंगामात तिथे कुत्रा न नेलेला बरा. इंचभर मातीत उगवलेली ती फुले एका धावेत तुडवली जातात.

मुळशी, पवना, भाटघर, भावली, नाशिकजवळचे गंगापूर अशा धरणांच्या जलाशयांचे काठ हा आणखी एक चांगला पर्याय. हिवाळ्यात पाणी भरपूर आणि हवा थंड असते. फेब्रुवारीनंतर पाणी मागे सरते आणि काठावर वरून कोरडा, आतून ओला गाळ उरतो. त्यात जनावरेही रुततात, मग कुत्र्याचे काय! शिवाय दिवाळीनंतर धनगरांचे कळप देशावरून कोकणाकडे उतरतात. मेंढरांसोबतची कुत्री राखणीसाठीच पाळलेली असतात. कळप दिसला की दूरचा वळसा घ्यावा.

पहाटेचा फेरफटका धोक्याचा का ठरू शकतो?

घाटमाथा आणि त्याखालच्या उसाच्या पट्ट्यात कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अकोले खोऱ्यात बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीवर आधारित एक अभ्यास ‘ओरिक्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारातील, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा असल्याचे आढळले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. जुन्नर, आंबेगाव, अकोले, मुळशी, मावळ या भागांत आज शेतघरे आणि कृषी पर्यटन केंद्रे मोठ्या संख्येने आहेत. तिथे येणाऱ्या शहरी माणसाला पहाटे पाच वाजता किंवा रात्री जेवणानंतर कुत्र्याला बाहेर नेण्याची सवय असते. बिबट्याच्या वावराची वेळही तीच. अशा वेळी धोका केवळ कुत्र्याला नसतो, त्याची दोरी धरलेल्या माणसालाही असतो.

म्हणून या भागात कुत्र्याला ओसरीवर किंवा अंगणात बांधून ठेवू नये. रात्री तो बंद दाराआडच असावा. रात्री लघवीसाठी बाहेर काढावेच लागले तर दिवे लावून, मोठ्याने बोलत, दारापासून चार पावलांच्या आत न्यावे. फिरायला निघायचे ते सूर्य वर आल्यावर. सायंकाळी सूर्यास्तापूर्वीच परतावे. ऊस, ओढ्याकाठची झुडपे, दाट गवत यांच्या कडेची वाट टाळावी.

मग योग्य वेळ कोणती?

या प्रश्नाचे उत्तर कुत्र्याच्या शरीरातही आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग. कोकणच्या दमट हवेत तोंडातला ओलावा लवकर सुकत नाही, त्यामुळे हा मार्गही अपुरा पडतो. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात होऊन अवयव निकामी होऊ लागतात. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांना धोका अधिक. जमीन तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे हाताची मागची बाजू डांबरावर, वाळूवर किंवा कातळावर सात सेकंद टेकवून पाहणे. आपल्याला सहन होत नसेल तर पंजांनाही होणार नाही.

पहाटे बिबट्या आणि कासवे, दुपारी ऊन, रात्री पुन्हा अंधार. या सगळ्यांतून उरते ती वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास. वाळू आणि दगड रात्रभर थंड झालेले असतात, उजेड असतो आणि पर्यटकांची गर्दी अजून नाश्त्याला बसलेली असते. त्या दोन तासांत ओहोटी असेल असा दिवस किनाऱ्यासाठी निवडला तर याहून चांगला फेरफटका मिळणार नाही. सायंकाळी वाळू निवायला वेळ लागतो. म्हणून सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास, तोही पाण्यालगत. पावसाळ्यात ऊन नसले तरी निसरडे कडे, फुगलेले ओढे, गोचिड आणि जळवा असतात. ऑक्टोबरची उष्मा ओसरल्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यामुळे सर्वांत योग्य.

प्रवास कसा करावा?

रेल्वेने न्यायचे तर दोन मार्ग आहेत. पहिला, वातानुकूलित प्रथम श्रेणीत दोन बर्थचे कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर घेणे. दुसरा, गार्डच्या डब्यातील कुत्र्यासाठीच्या पेटीत त्याला पाठवणे. दोन्हींसाठी प्रवासाच्या दिवशी पार्सल कार्यालयात नोंदणी करून शुल्क भरावे लागते आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. टू-टियर, थ्री-टियर, चेअर कार आणि शयनयान डब्यांत कुत्र्याला परवानगी नाही. नोंदणीविना नेल्यास दंड होतो. पेटीत अंधार, आवाज आणि उकाडा असतो; म्हाताऱ्या किंवा घाबरट कुत्र्यासाठी हा मार्ग टाळावा.

मुंबईकरांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो फेरी सोयीची आहे. गाडीसह साधारण तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरता येते आणि पाळीव प्राण्यासाठी वेगळे तिकीट काढून त्याला सोबत नेता येते. पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींमुळे खाड्या ओलांडून किनाऱ्या-किनाऱ्याने जाता येते. बोट लागताना-सुटताना होणाऱ्या धक्क्याच्या वेळी कुत्र्याला गाडीत ठेवून काचा खाली कराव्यात किंवा आखूड दोरीने धरावे.

स्वतःच्या गाडीने जाताना निघण्यापूर्वी तीन-चार तास जेवण देऊ नये. वरंधा, कशेडी, आंबा अशा घाटांच्या वळणांवर बहुतेक कुत्र्यांना उलटी होते. दर दोन तासांनी थांबावे. थांब्यावर ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून त्याला बंद गाडीत ठेवणे हे सर्वांत घातक. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

लसीकरण कोणासाठी?

रेबीजची लस कुत्र्यासाठी आणि त्याच्याभोवतीच्या माणसांसाठी. लेप्टोस्पायरोसिसची लस कोकणात विशेष महत्त्वाची, कारण हा आजार साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून पसरतो. डिस्टेंपरची लस मात्र जंगलासाठीही आहे. २०१८ मध्ये गुजरातमधील गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह मरण पावले. तपासणीत त्यांच्यापैकी काहींना कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची लागण झाल्याचे आढळले. कुत्र्यांमध्ये सर्रास दिसणारा हा विषाणू वन्य मांसभक्षी प्राण्यांसाठी जीवघेणा ठरू शकतो. आजारी किंवा लस न दिलेला कुत्रा जंगलालगत नेणे किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण.

वार्षिक लसी निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी पूर्ण कराव्यात आणि प्रमाणपत्राची प्रत फोनमध्ये ठेवावी. गोचिडांवरचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधीच लावावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरात २०१६ मध्ये माकडतापाचा उद्रेक झाला होता आणि हा आजार माणसाला गोचिडांमुळे होतो. त्यामुळे रानातून परतल्यावर कुत्र्याचे कान, पंजांच्या फटी आणि माणसांचे कपडे दोन्ही तपासावेत. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तिथला मुख्य भार गाई-म्हशींचा. लहान प्राण्यांवर उपचार करणारा जवळचा डॉक्टर कोणत्या गावात आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

गावकऱ्यांचा आक्षेप कशाला असतो?

कोकणातल्या गावाला कुत्र्याचे वावडे नाही. घरोघरी कुत्रा असतो. वाद होतात ते वेगळ्या कारणांनी. किनारा ही कोळी आणि गाबीत समाजाची कामाची जागा आहे. तिथे मासळी वाळत घातलेली असते, जाळी पसरलेली असतात, सिंधुदुर्गात सकाळी रापण ओढली जाते. वाळत्या सुकटीवर कुत्र्याने पाय वर केला तर त्या कुटुंबाचा तो माल गेला. घाण वाळूत पुरून टाकणे हाही उपाय नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून हुकवर्मच्या अळ्या वाळूत पसरतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या त्वचेत शिरतात. किनाऱ्यावर सर्वांत जास्त अनवाणी चालतात ती गावातली मुले. त्यामुळे पिशवीत गोळा करून ती परत मुक्कामी आणणे आणि तिथल्या कचऱ्यात टाकणे, एवढे करायलाच हवे. देवराई, देवळाचे आवार, विहिरीचा कट्टा आणि बागांचे गडगे यांच्या आत कुत्र्याला नेऊ नये.

गावातल्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो. प्रत्येक वाडीची टोळी ठरलेली असते आणि नवा कुत्रा हद्दीत आला की ती अंगावर येते. अशा वेळी छोट्या कुत्र्याला उचलून घेण्याचा मोह होतो, पण मग टोळी माणसावर उड्या मारते. धावू नये, पाठ दाखवू नये, कुत्र्याला आपल्या मागे घेऊन सावकाश आलेल्या वाटेने परतावे. गावातला एखादा माणूस सोबत असेल तर त्याच्या एका हाकेने ही कुत्री बहुधा मागे फिरतात. पहिल्या सकाळी यजमानाला किंवा त्यांच्या मुलाला पाच मिनिटे सोबत येण्याची विनंती केली, तर वाट कळते, हद्दी कळतात आणि गावालाही पाहुण्या कुत्र्याची ओळख होते.